खाजेची ट्यूब

माणूस काउंटरपाशी येतो आणि आधी भलतंच काहीतरी मागतो. ॲसिडिटीची गोळी, नाहीतर बँडेजची पट्टी. दुकानात एखादी बाई उभी असेल तर ती जाईपर्यंत मोबाइलमध्ये डोकं घालून थांबतो. मग जरा पुढे वाकून हळूच म्हणतो, "खाजेची एक ट्यूब द्या ना." कुठे खाज येते विचारलं तर, "असंच... घामानं," आणि हात कमरेखाली कुठेतरी हलतो. मी सतरा वर्षं तालुक्याच्या गावी मेडिकलच्या काउंटरवर उभा आहे. फार्मासिस्टचा परवाना माझ्या नावावर आहे. आता गिऱ्हाईक पायरी चढताना त्याच्या चालीवरूनच मला कळतं. जांघ सोललेली असली की माणूस पाय किंचित फाकवून चालतो.

त्याला मी ट्यूब देत आलो. कितीतरी वर्षं देत आलो. तिच्यात चार औषधं एकत्र असायची: बुरशीसाठी टर्बिनाफिन, जंतूंसाठी ऑफ्लॉक्सासिन, तिसरं ऑर्निडाझोल आणि चौथं क्लोबेटासोल. या चौथ्यामुळेच ती ट्यूब खपते. क्लोबेटासोल हे त्वचेला लावायच्या स्टेरॉइडांमधलं सगळ्यांत जहाल असं एक औषध आहे. ते लावलं की दुसऱ्या दिवशी लाली उतरते, खाज बसते, रात्री झोप लागते. माणूस खूश होऊन परत येतो, "मागच्या वेळची तीच द्या, ती एकदम भारी होती."

माझं म्हणणं मी आधीच सांगून टाकतो. बुरशीचं औषध आणि स्टेरॉइड एकाच ट्यूबमध्ये घालून विकणं या देशात पूर्ण बंद झालं पाहिजे. चिठ्ठीवर विका, बिनचिठ्ठीची विकू नका, असला अर्धा उपाय पुरणार नाही. तो आपण करून पाहिला आहे. अशी ट्यूब कारखान्यातच बनता कामा नये.

जांघेतल्या या गोल, कडेला लाल आणि मध्ये जरा निवळलेल्या चट्ट्याला आपल्याकडे गजकर्ण म्हणतात, नायटा म्हणतात, नुसतंच "खाज उठलीय" असंही म्हणतात. तो बुरशीमुळे होतो. ही बुरशी आपल्या कातडीच्या वरच्या थरातलं केराटिन खाऊन जगते. तिला ऊब, ओल आणि घासणं लागतं, आणि पुरुषाच्या जांघेत या तिन्ही गोष्टी बाराही महिने असतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात किंवा मुंबईत चड्डी दोन-दोन दिवस वाळत नाही, तशीच दमट अंगावर चढवावी लागते. वॉचमनचा पॉलिस्टरचा गणवेश बारा तास अंगावर असतो. रिक्षावाला, ट्रकवाला रेक्झिनच्या सीटवर दिवस काढतो. एमआयडीसीतल्या पोरांच्या खोलीत सहा जण आणि दोरीवर टॉवेल चार. यात कोणाचा गलिच्छपणा काढायचा? दिवसातून दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही गजकर्ण होतं. तरी लाज रुग्णालाच वाटते, कारण जागा "तसली" आहे. एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेल्या गुप्तरोगाच्या जाहिरातींनी आपल्या डोक्यात या जागेच्या प्रत्येक दुखण्याचं एकच कारण पक्कं बसवून ठेवलं आहे. गजकर्ण हा गुप्तरोग नाही. अंगाला अंग लागून, टॉवेल-चादरीतून, एका बादलीत भिजवलेल्या कपड्यांतून तो पसरतो.

आता स्टेरॉइड नेमकं काय करतं, ते सांगतो. बुरशी कातडीत शिरली की शरीर तिच्याशी झगडतं. लाली, आग, खाज ही त्या झगड्याची खूण. स्टेरॉइड हा झगडा थांबवतं, बुरशीला मारत नाही. वरून कातडी शांत दिसते आणि खाली बुरशीला मोकळं रान मिळतं. ट्यूब थांबवली की आठ-दहा दिवसांत चट्टा परत येतो, आधीपेक्षा मोठा. जांघेतून मांडीवर, कुल्ल्यांवर, पोटावर. कधी एका कड्यात दुसरं कडं उमटतं. कधी कडा इतकी पुसट होते की डॉक्टरही चकतात. मग पुन्हा ट्यूब. त्याच ट्यूबमध्ये बुरशीचं औषधही आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे. पण खाज थांबली की माणूस चौथ्या दिवशी ट्यूब कपाटात ठेवून देतो, आणि बुरशीला तर कित्येक आठवडे रोज औषध लागतं. शिवाय जे स्टेरॉइड लावायचंच नाही, ते औषधासोबत रोज लावलं जातं ते वेगळंच.

जागेचाही प्रश्न आहे. 1967 साली फेल्डमन आणि मायबाख या दोन अमेरिकी संशोधकांनी हायड्रोकॉर्टिझोन हे सौम्य स्टेरॉइड अंगाच्या वेगवेगळ्या भागांतून किती शोषलं जातं ते मोजलं. कोपरापुढच्या हाताच्या तुलनेत अंडकोषाच्या कातडीतून ते 42 पट जास्त आत गेलं. हे सौम्य औषधाचं माप. क्लोबेटासोल त्याच्यापेक्षा शेकडो पट जोरकस आहे. त्याच्या मूळ माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की चेहरा, काख आणि जांघ इथे ते वापरू नये, आणि इतरत्रही सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको. जिथे लावू नये म्हणून बजावलं आहे, नेमकं तिथेच लावण्यासाठी आपण ते बुरशीच्या औषधात मिसळून विकतो.

एका गणपतीच्या आधीची गोष्ट. तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा, कंपनीत शिफ्टला जाणारा. दुकान बंद करायच्या वेळेला आला. म्हणाला, "दादा, जरा आत येऊ का, एक दाखवायचंय." मागे खोक्यांच्या खोलीत त्याने पँट खाली केली. दोन्ही मांड्यांच्या आतल्या बाजूला बोटभर रुंद जांभळे पट्टे होते, एकाखाली एक, जांघेपासून गुडघ्याच्या दिशेने उतरलेले. बाळंतिणीच्या पोटावर पांढरट रेघा असतात ना, त्याच जातीचे, पण खोल आणि ओल्या कागदासारखी कातडी पातळ झालेले. एका पट्ट्याच्या मधोमध कातडी उलली होती. गजकर्ण तर होतंच, आता ते पोटापर्यंत पोचलं होतं. दीड वर्ष ट्यूब लावत होता. कुठून घ्यायचास, असं मी विचारलं नाही. मला माहीत होतं. त्याचं एकच विचारणं होतं, "हे जाईल ना? दिवाळीनंतर लग्न आहे." ते पट्टे जात नाहीत. रंग फिका होतो, कातडी पहिल्यासारखी होत नाही. मी त्याला जिल्ह्याच्या गावच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि पट्ट्यांबद्दलचं उत्तर त्यांच्यावर सोडलं. मला तोंड उघडता आलं नाही.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. मार्च 2016 मध्ये केंद्राने 344 मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यांत त्वचेच्या काही मलमांचाही समावेश होता. कंपन्या न्यायालयात गेल्या. डिसेंबर 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी उठवली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात, तिथून तज्ज्ञ मंडळाकडे, आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणांवर पुन्हा बंदी आली. बंदी ठरावीक मिश्रणांवर असते. एक घटक बदलला, की तीच ट्यूब जवळपास त्याच नावाने पुन्हा फळीवर येते. टर्बिनाफिनच्या जागी इट्राकोनाझोल घातलं की झालं. 2018 सालीच त्वचेला लावायची स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये आली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली. त्याआधी बाहेरून लावायच्या बऱ्याच औषधांना यातून सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता, खास कृतिगट नेमला होता. ते काम मोलाचं होतं.

पण काउंटरच्या या बाजूला काय बदललं? ट्यूबवर लाल खूण आली आणि बारीक इंग्रजीत इशारा आला. ती ट्यूब घेणारा माणूस ते इंग्रजी वाचत नाही आणि वाचलं तरी त्याला अर्थ लागत नाही. स्टॉकिस्टकडून स्कीम पूर्वीसारखीच, दहा ट्यूबवर दोन फुकट. तपासणीला साहेब येतात तेव्हा झोपेच्या गोळ्यांचं रजिस्टर बघतात, फ्रिजचं तापमान बघतात. त्वचेच्या मलमांचं बिल चिठ्ठीशी जुळवून पाहिलेलं माझ्या सगळ्या नोकरीत मला आठवत नाही. आणि चिठ्ठी असली तरी काय? त्याच चार औषधांच्या ट्यूबची चिठ्ठी मी रोज पाहतो. लिहिणारे सगळ्या पॅथींचे आहेत, मोठ्या पदव्यांचेही आहेत. रुग्णाला दोन दिवसांत आराम पडला नाही तर तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, ही भीती त्यांनाही आहे. म्हणून मी म्हणतो, चिठ्ठीच्या नियमाने हे थांबणार नाही. औषध लिहिणारा, देणारा आणि घेणारा, तिघांनाही दोन दिवसांतला आराम हवा आहे, आणि तो देणारी ट्यूब समोर आहे.

यावर माझ्याच व्यवसायातले लोक एक मुद्दा मांडतात आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ते म्हणतात, त्वचेचा डॉक्टर बसतो जिल्ह्याच्या गावी. जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, वर फी, वर एसटीचं भाडं. गरिबाचा डॉक्टर म्हणजे मेडिकलवालाच. ट्यूब बंद केलीत तर तो जाईल कुठे? खरं आहे, मेडिकलवालाच त्याचा डॉक्टर आहे. म्हणूनच त्याच्या फळीवर काय ठेवायचं हा एवढा मोठा प्रश्न आहे. साधं क्लोट्रिमाझोलचं मलम आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. ते स्वस्त आहे, त्यात स्टेरॉइड नाही, आणि नुकत्याच उठलेल्या लहान चट्ट्याला ते नीट, पुरेसे दिवस लावलं तर बऱ्याचदा पुरतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ते कायम मिळालं पाहिजे. आज बहुतेकांना ते माहीतही नसतं, कारण त्याची ना जाहिरात, ना स्कीम. दुसरा आक्षेप असा की स्टेरॉइडशिवाय खाज लगेच थांबत नाही, माणूस तळमळतो. त्यासाठी रात्री ॲलर्जीची साधी गोळी डॉक्टर देतात. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याला ती देताना सांगावं लागतं, एवढंच. चार-सहा दिवस खाज सोसावी लागते हे मान्य. पण दीड वर्षाच्या खाजेपुढे ते काय आहे?

आणि ही आता आपल्या जांघेपुरती गोष्ट राहिलेली नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात जे गजकर्ण पसरलं ते जुन्यासारखं नाही. पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या औषधाने जायचं, आता डॉक्टर महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त औषध देतात. टर्बिनाफिन ज्या विकरावर घाव घालतं, त्या विकराच्या जनुकातच या बुरशीने बदल केला आहे, त्यामुळे कित्येक रुग्णांमध्ये ती त्या औषधाला दादच देत नाही. 2020 साली जपानमधल्या संशोधकांनी तिथे राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी रुग्णाच्या त्वचेतून ही बुरशी वेगळी केली आणि तिला नाव दिलं ट्रायकोफायटन इंडोटिनी. नावातच आपला देश आहे. 2023 साली अमेरिकेने न्यूयॉर्कमधल्या पहिल्या दोन रुग्णांची नोंद जाहीर केली. त्यातली एक बाई बांगलादेशला जाऊन आली होती, दुसरी कुठेही परदेशी गेलेली नव्हती. औषधाला न जुमानणारी बुरशी तयार होण्यामागे एकच कारण नसतं. अर्धवट सोडलेला उपचार आहे, कमी मात्रा आहे, गर्दी आहे, बदलतं हवामान आहे. पण बुरशीला मारायचं औषध तुटक तुटक द्यायचं आणि त्याच वेळी तिच्याशी लढणाऱ्या कातडीचे हात बांधायचे, हा प्रयोग आपण कोट्यवधी लोकांच्या अंगावर करत आहोत. त्याचा या सगळ्याशी संबंध नाही असं मला कोणी सांगू नये.

मला याचं जास्त वाईट वाटण्याचं एक कारण पिंपरीत आहे. सरकारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंपरीच्याच मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीवरचं औषध शोधून काढलं होतं. जिवाणूला गावाचं नाव मिळालं, स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि औषधाला कंपनीचं, हमायसीन. मातीतून बुरशीचं औषध काढणारी माणसं आपल्या इथे होती. आज बुरशीच्या औषधाच्या नावाखाली आपण बाजारात नवं काय आणतो, तर जुन्याच चार औषधांची नवी भेळ.

जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सर्वांत चिंताजनक 19 बुरशींची यादी काढली. तिच्यात गजकर्णाची बुरशी नाही. ती जीव घेत नाही, हे खरं. पण रात्र रात्र खाजवून सकाळी कामावर जाणारा माणूस, बायकोपासून लांब झोपणारा माणूस, नातवाला मांडीवर घ्यायला घाबरणारा आजोबा, ही मोजदाद कुठल्या यादीत होते?

बायकोचा विषय निघाला म्हणून सांगतो. पुरुषाची लाज घरातल्या बाईला फार महागात पडते. तो स्वतःसाठी गुपचूप ट्यूब नेतो, घरी सांगत नाही. दोन महिन्यांनी तिच्या कमरेला परकराच्या नाडीखाली चट्टा उठतो. मग ती नवऱ्याचीच उरलेली ट्यूब लावते. मग सासू, मग लेकरू. डॉक्टर एकाला औषध देतात आणि घरातले बाकीचे त्याला पुन्हा बुरशी देत राहतात. म्हणून मी आता पहिला प्रश्न "घरात आणखी कोणाला आहे?" हाच विचारतो. नव्वद टक्के वेळा आधी "नाही" येतं. पैसे देताना, पाकीट खिशात ठेवता ठेवता, खरं उत्तर येतं.

ज्यांना आज हा त्रास आहे त्यांच्यासाठी थोडं. प्रत्येक लाल जांघ बुरशीचीच असते असं नाही. खरूज असू शकते, नुसतं घामाने काचलेलं असू शकतं, जंतूंमुळे उठणारे तपकिरी चट्टे असू शकतात. लिंगाच्या टोकाला लाली, चिरा आणि पांढरा थर दिसत असेल तर ती निराळी बुरशी, कँडिडा. अशा वेळी रक्तातली साखर तपासा, कारण कित्येकांना मधुमेह आहे हे पहिल्यांदा असंच कळतं. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. गोळी मनाने बंद करू नका. शंका असेल तर डॉक्टर चट्ट्याची कडा खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, बुरशीचे धागे तिथल्या तिथे दिसतात. एवढी स्वस्त तपासणी आपल्याकडे इतकी क्वचित होते याचं मला नवल वाटतं. मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटं जाईल असं लावायचं आणि कातडी साफ झाल्यावरही डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करायचे. पोटातून घ्यायच्या गोळ्या यकृताला जड जाऊ शकतात, काही हृदयाच्या रुग्णाला चालत नाहीत, दुसऱ्या औषधांशी भांडतात. त्या माझ्यासारख्याकडून मागू नका. टॉवेल वेगळा, आतले कपडे सैल आणि सुती, उन्हात उलटे करून वाळवलेले. पावसाळ्यात ऊन नसेल तर इस्त्री फिरवा, शिवणीवर जास्त. लसणाची पेस्ट, लिंबू, फिनेल, सॅलिसिलिक ॲसिडची जळजळणारी जुनी औषधं जांघेला लावू नका. भाजलेली कातडी घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि ट्यूब हातात आली की तिच्यावरची नावं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन: यातलं एक जरी दिसलं तरी ते स्टेरॉइड आहे. बंदी येईपर्यंत निदान एवढं तरी झालं पाहिजे की प्रत्येक अशा ट्यूबवर, तंबाखूच्या पुडीवर असतो तेवढ्या मोठ्या अक्षरांत, मराठीत छापलेलं असावं: यात स्टेरॉइड आहे, गजकर्णावर लावू नका.

गेली चार वर्षं मी ही ट्यूब ठेवत नाही. मालकांना पटवायला वेळ लागला, कारण महिन्याच्या विक्रीत तो आकडा दिसतो. आता कोणी मागितली की मी साधं मलम पुढे करतो, किती दिवस लावायचं ते पाकिटावर लिहून देतो, उपजिल्हा रुग्णालयात त्वचेची ओपीडी कोणत्या वारी असते ते सांगतो. काही जण ऐकतात. बरेच जण नम्रपणे मान हलवतात, "बरं, बघतो," म्हणतात, पायरी उतरतात आणि रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये जातात. दोन मिनिटांत तिथून बाहेर पडताना दिसतात, ट्यूब शर्टाच्या आत सरकवत.